एकच एबीसी सगळ्याला पुरेल का?

प्रश्न: खाली माझं लाकूडकामाचं वर्कशॉप आहे आणि वर आम्ही राहतो. वर्कशॉपमध्ये फळ्या, प्लाय, भुसा, पॉलिश आणि थिनरचे डबे असतात. कोपऱ्यात हिशेबाचा संगणक आहे. वर स्वयंपाकघरात गॅस. इलेक्ट्रिक स्कूटर जिन्याखाली चार्जिंगला लावतो. विक्रेता म्हणतो, दोन किलोचा एक एबीसी अग्निशामक घ्या, तो सगळ्याला चालतो. इंटरनेटवर पाहिलं तर कुठे 'सी' म्हणजे गॅस लिहिलंय, कुठे वीज. शिवाय जागेच्या आधीच्या मालकाने ठेवलेलं एक जुनं लाल, शंकूच्या आकाराचं नळकांडं आहे. वर खुंटी आहे, ती आपटून ते उलटं धरायचं म्हणतात. ते ठेवावं का? – एक वाचक

उत्तर: विक्रेता अर्धं खरं सांगतोय. एकच अग्निशामक घ्यायचा असेल तर एबीसी पावडरचाच घ्यावा, यात वाद नाही. पण तुमच्याकडे चार जागा अशा आहेत, जिथे तो कमी पडेल किंवा विझवण्यापेक्षा नुकसान जास्त करेल: तेलाची कढई, संगणक, भुशाचा ढीग आणि स्कूटरची बॅटरी. त्यामुळे खरेदीला निघण्याआधी खालून वर एक फेरी मारा आणि प्रत्येक ठिकाणी एवढंच पाहा, की इथे पेटलं तर नेमकं काय जळेल. अग्निशामक जागेप्रमाणे नाही, जळणाऱ्या वस्तूप्रमाणे निवडायचा असतो.

अक्षरांचा घोळ आधी सोडवू. 'ए' म्हणजे जळल्यावर निखारा धरणाऱ्या वस्तू: लाकूड, कागद, कापड. 'बी' म्हणजे पेटणारे द्रव: पेट्रोल, थिनर, ऑइलपेंट. इथपर्यंत सगळीकडे एकमत आहे. पुढे फाटे फुटतात. युरोपीय पद्धतीत, आणि भारतातही, 'सी' म्हणजे जळणारा वायू. तिथे विजेला वेगळं अक्षरच नाही, कारण वीज स्वतः जळत नाही. मेन स्विच पाडला की मागे उरते ती साधी 'ए' किंवा 'बी' आग. अमेरिकेत वायू 'बी'मध्येच धरतात आणि 'सी' हे अक्षर वीज चालू असलेल्या उपकरणांना देतात. ऑस्ट्रेलियात विजेसाठी 'ई' आहे. तापलेल्या खाद्यतेलाला युरोपात 'एफ' म्हणतात, अमेरिकेत 'के'. तुम्ही वाचलेली दोन्ही पानं आपापल्या देशापुरती बरोबर होती. म्हणून अक्षरापेक्षा लेबलवरची चित्रं पाहा: लाकडाचे ओंडके, द्रवाचा डबा, गॅसची ज्योत, प्लग, कढई. ज्या चित्रावर काट मारलेली असेल, त्या आगीवर तो अग्निशामक वापरायचाच नाही.

अक्षरांच्या शेजारचे आकडे बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. युरोपीय लेबलवर '२१ए ११३बी' असं काही दिसेल. २१ए म्हणजे चाचणीत ठरावीक उंची-रुंदीची आणि २.१ मीटर लांबीची लाकडाची रचलेली चळत त्याने विझवली. १३ए असेल तर चळत १.३ मीटर लांब. ११३बी म्हणजे ११३ लिटर द्रवाच्या ट्रेची आग विझवली. त्यात एक तृतीयांश पाणी आणि वर दोन तृतीयांश इंधन असतं. अमेरिकी आकड्यांचं गणित वेगळं आहे, त्यामुळे दोन पद्धतींची तुलना करू नका. एक मात्र ध्यानात ठेवा, की हे आकडे सराव असलेल्या माणसाने चाचणीच्या जागेत मिळवलेले असतात. घाबरलेल्या अवस्थेत, धुरात, पहिल्यांदा पिन ओढणाऱ्याला त्याच्या निम्मं जमलं तरी पुष्कळ.

आता दोन किलोच्या मुद्द्यावर येऊ. दोन किलोचा पावडर अग्निशामक साधारण ८ ते १० सेकंद चालतो. पहिले दोन-तीन सेकंद नेम धरण्यात जातात. गाडीत किंवा छोट्या खोलीत तो ठीक आहे. फळ्या आणि थिनर एकत्र असलेल्या वर्कशॉपला तो पुरणार नाही. तिथे सहा किलोचा घ्या, आणि जागा लांबट असेल तर दोन टोकांना दोन. सहा किलोचा भरलेला अग्निशामक नऊ-दहा किलो भरतो. घरातल्या प्रत्येकाला तो उचलून चालता येतो का, हे दुकानातच पाहून घ्या. कोणाला जमत नसेल तर एका जड नळकांड्याऐवजी तीन-चार किलोची दोन बरी.

एबीसी पावडर म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट. ज्वालेत शिरल्यावर ती जळण्याची रासायनिक साखळी तोडते, म्हणून ज्वाला क्षणात पडते. शिवाय तापल्यावर ती वितळून निखाऱ्यावर चिकट थर धरते. 'ए' आगीवर ती चालते ती या थरामुळे. नुसती बीसी पावडर बहुधा सोडियम किंवा पोटॅशियम बायकार्बोनेटची असते. तिचा असा थर बसत नाही, त्यामुळे तिने लाकडाची ज्वाला पडते पण निखारा पुन्हा पेट घेतो. खरेदी करताना लेबलवर 'ए' आहे ना, हे नीट बघा. दोन्ही नळकांडी बाहेरून सारखीच दिसतात.

पावडरची मोठी उणीव म्हणजे ती गारवा देत नाही. आणि बंद खोलीत एकदा उडाली की पुढचं काही दिसत नाही, घसा धरतो. म्हणून दार पाठीशी ठेवूनच ती मारायची.

भुशाच्या ढिगाबद्दल मुद्दाम जास्त लिहितो, कारण लाकूडकाम करणाऱ्यांचं इथेच चुकतं. भुसा आतून धुमसतो. वर ज्वाला दिसत नाही, नुसता धूर निघतो. त्यावर जवळून पावडर किंवा सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा, जोरदार फवारा मारला, तर पेटता भुसा खोलीभर उडतो. त्याहून वाईट म्हणजे बारीक धूळ हवेत उठते, आणि हवेत तरंगणारी लाकडाची धूळ ठिणगीने स्फोटासारखी पेट घेते. सँडिंग मशीनखालची पिठासारखी धूळ यात सगळ्यात घातक. भुशाला पाणीच हवं, तेही मंद फवाऱ्याने, कडेकडेने, आणि मग ढीग हळूहळू पसरून आतपर्यंत भिजवायचा. त्यासाठी नऊ लिटरचा पाण्याचा अग्निशामक ठेवा. तो मिनिटभर चालतो आणि लाकडाच्या आगीवर त्याच्याइतका भरवशाचा दुसरा नाही, कारण पाणी वाफ होताना प्रचंड उष्णता शोषून घेतं. फक्त मशीनची वीज तोडल्याशिवाय आणि थिनरच्या जवळपास तो उचलू नका.

थिनरवर पाणी मारलं तर बरेचसे थिनर पाण्यावर तरंगतात आणि पेटलेले तसेच जमिनीवर पसरत जातात. इथे पावडर किंवा फोम, म्हणजे फेस सोडणारा अग्निशामक. फोममध्ये एक खोच आहे. ॲसिटोन, स्पिरिट यांसारखे पाण्यात मिसळणारे द्रव साध्या फोममधलं पाणी ओढून घेतात आणि फेस बसून जातो. तुमचं स्पिरिट पॉलिश याच जातीतलं, आणि थिनरमध्येही असे द्रव मिसळलेले असू शकतात. तेव्हा फोम घेतलाच तर लेबलवर 'अल्कोहोलरोधक' असल्याची खात्री करा; नाहीतर पावडरच बरी. फोम कधी सरळ द्रवात खुपसायचा नाही. मागच्या भिंतीवर मारून तो खाली ओघळू द्यायचा, म्हणजे वर साय धरावी तसा पसरतो. आणि उघडा डबाच पेटला असेल, हात पोचत असेल, तर बाजूने झाकण सरकवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

पॉलिशच्या बोळ्यांविषयीही सांगतो, जरी तुम्ही विचारलं नाहीत. जवसाच्या तेलात किंवा तेलाच्या पॉलिशमध्ये भिजलेली फडकी चुरगाळून टाकली, की तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडतं. ती आतच कोंडते आणि काही तासांनी बोळा आपोआप पेटतो. रात्री बंद वर्कशॉपमध्ये 'कारण नसताना' लागलेल्या आगींमागे हे नेहमीचं कारण असतं. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

संगणक आणि विजेचा बोर्ड यांना सीओटूचा अग्निशामक. पावडर तिथे आग विझवेल, पण तिचे कण दमट हवेत आम्लधर्मी होऊन सर्किट खातात. आगीतून वाचलेलं मशीन पावडरने जातं. सीओटू मागे काहीच ठेवत नाही. दोन किलोचा पुरे. त्याचा मारा मात्र जेमतेम एक-दोन मीटर, त्यामुळे बराच जवळ जावं लागतं. काळ्या कर्ण्याला हात लावू नका: सीओटूचा बर्फ उणे ७८ अंशांचा असतो आणि कातडी चिकटते. पकड मुठीलाच ठेवा. सीओटू वाफ होऊन केवढा फुगतो त्याचाही हिशेब ठेवा. एक किलोचा साधारण अर्ध्या घनमीटरहून थोडा जास्त वायू होतो. म्हणजे पाच किलोचं अख्खं नळकांडं तीन बाय तीन बाय तीन मीटरच्या बंद खोलीत रिकामं केलं, तर हवेत दहा टक्क्यांच्या आसपास सीओटू होतो, आणि एवढ्यात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. मारा, बाहेर या, दार ओढून घ्या.

विजेच्या आगीत पहिलं काम मेन स्विच पाडणं, अग्निशामक नंतर. वीज चालू राहिली तर विझवलेलं पुन्हा पेटतं. इन्व्हर्टर किंवा छतावर सोलर पॅनेल असेल तर मेन पाडूनही काही वायरींत वीज राहते. त्यांचे स्विच कुठे आहेत ते आजच पाहून ठेवा.

आता वरचा मजला. स्वयंपाकाचं तेल तळताना १८० अंशांच्या आसपास असतं. विसरलं गेलं तर आधी धूर सोडतं, आणि ३५० च्या आसपास पोचलं की ज्योत न लागताही आपणहून पेटतं. इथे पाणी टाकलं तर काय होतं ते नीट समजून घ्या. पाणी तेलाहून जड, म्हणून तळाशी जातं. तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि वाफेचं आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट असतं. ती वाफ वरचं सगळं पेटतं तेल उडवत बाहेर पडते, आणि ज्वाला छताला भिडते. पेलाभर पाणी एवढ्याला पुरतं. टपकता ओला टॉवेल टाकणं हाही तोच प्रकार.

पावडर मारली तर ज्वाला पडते, पण तेल अजून पेटण्याच्या तापमानावरच असतं, त्यामुळे नळकांडं रिकामं झाल्यावर ते परत भडकतं. वर जवळून मारलेल्या फवाऱ्याने तेल कढईबाहेर उडतं ते वेगळंच. 'एफ' किंवा 'के'साठी वेट केमिकल नावाचा अग्निशामक असतो. त्यात पोटॅशियमच्या क्षारांचं द्रावण असतं. लांब दांडीच्या नोझलमधून ते मऊ तुषारांसारखं पडतं, तापलेल्या तेलाशी मिळून साबणासारखा फेस धरतं, तेल झाकतं आणि गारही करतं. रोज भरपूर तळण होत नसेल तर घरात दोन लिटरचा पुरे. पण आधी हाताशी बसेल असं सपाट झाकण ठेवा. गॅस बंद, झाकण आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर, आणि मग अर्धा तास तरी ते उचलायचं नाही. डोकावून पाहण्यासाठी झाकण उचललं की हवा आत जाते आणि तेल तोंडावर पेटतं. कढई उचलून बाहेर पळणं तर मुळीच नको. भाजण्याच्या अनेक जखमा त्यातच होतात.

गॅसच्या नळीला किंवा रेग्युलेटरला ज्योत लागली तर उपाय अग्निशामक नाही, व्हॉल्व्ह आहे. हात सुरक्षित पोचत असेल तर तो बंद करा, ज्योत आपोआप जाते. पोचत नसेल तर ज्योत विझवू नका. विझलेल्या ज्योतीनंतर गळत राहिलेला एलपीजी हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो, तुमच्याकडे तर जिन्यावरून खाली वर्कशॉपमध्ये उतरेल, आणि पहिल्या ठिणगीला स्फोट होईल. अशा वेळी सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला फोन करायचा. नुसता वास येत असेल तर एकही बटण दाबू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही.

स्कूटरबद्दल स्पष्टच सांगतो: ती जिन्याखालून आजच हलवा. लिथियम-आयन बॅटरीचा एक सेल बिघडून तापला की शेजारच्याला तापवतो आणि ही मालिका आतल्या आत चालू राहते; बाहेरची हवा तोडून ती थांबत नाही. पावडर आणि सीओटू ज्वाला पाडतात, सेल तापतच राहतात. 'लिथियम म्हणजे धातू, म्हणून डी पावडर (धातूंच्या आगीसाठीची)' असंही काही जण विकतात, पण या बॅटरीत धातुरूप लिथियम नसतं आणि ती पावडर बॅटरी गार करत नाही. चालतं ते पाणी, भरपूर आणि बराच वेळ, आणि ते काम अग्निशमन दलाचं. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. बॅटरी फुगली, फुसफुसली, पांढरी वाफ सोडू लागली, की माणसं बाहेर काढा. जिन्याखाली हे झालं तर वरच्यांची वाटच बंद होते, म्हणून जागा बदला म्हणतोय.

'डी' वर्गाचा, म्हणजे मॅग्नेशियम, सोडियम, ॲल्युमिनियमची भुकटी यांचा, तुमच्याकडे प्रश्न येत नाही. कधी धातू घासायचं काम घेतलंत तर एवढं माहीत असू द्या, की पेटलेलं मॅग्नेशियम सीओटूतही जळतं आणि पाण्यातून हायड्रोजन सोडवतं. त्याला वेगळी कोरडी भुकटी लागते, आणि ती अलगद वर अंथरायची असते.

तेव्हा तुमची यादी अशी होते: वर्कशॉपच्या दाराशी सहा किलोचा एबीसी, त्याच्याजवळ नऊ लिटर पाणी, संगणकाच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन किलोचा सीओटू, स्वयंपाकघरात झाकण आणि जमलं तर दोन लिटरचं वेट केमिकल. सगळे बाहेर पडायच्या वाटेवर, मूठ छातीच्या उंचीला येईल असे टांगलेले. शेगडीच्या वर किंवा थिनरच्या कपाटाशेजारी नाही. आग लागल्यावर तिथे हात घालता येत नाही.

वापरताना सगळ्यात जास्त अडतं ते पिनपाशी. घाईत लोक मूठ दाबून धरतात आणि त्याच वेळी पिन ओढतात. दाबलेल्या मुठीत पिन अडकते आणि 'मशीन चालत नाही' म्हणून नळकांडं फेकलं जातं. नळकांडं खाली टेकवा, मूठ सोडा, पिन किंचित फिरवून सील तोडा, मग ओढा. ते उभंच धरा. आतली नळी तळापर्यंत गेलेली असते. आडवं किंवा उलटं धरलं तर नुसता दाबाचा वायू निघून जातो आणि पावडर आतच राहते. पावडर दोन-तीन मीटरवरून, ज्वालेच्या टोकावर नाही तर बुडाशी, डावी-उजवीकडे झाडत. द्रव पेटला असेल तर जवळच्या कडेपासून सुरुवात करून पुढे सरका. आग कमरेच्या वर गेली असेल, धूर डोक्याच्या पातळीला उतरला असेल किंवा एक नळकांडं संपूनही ती विझली नसेल, तर दार लावून निघा. विझली तरी पाठ न फिरवता मागे या.

महिन्यातून एकदा पाहायचं ते असं: काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि सील जागेवर आहे का, होजला चीर नाही ना, नोझलमध्ये किड्याने घर केलेलं नाही ना, तळाच्या कड्याला गंज नाही ना. काटा फक्त दाब सांगतो; आत पावडरचा गठ्ठा झाला असेल तर ते त्याला कळत नाही. नळकांडं उलटं करून कानाशी धरा, पावडर सरकल्याचं जाणवलं पाहिजे. सीओटूला काटाच नसतो, ते वजन करूनच तपासतात. आतल्या वायूचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर रिफिल. आणि कोणताही पावडरचा अग्निशामक एक सेकंद जरी मारला तरी पुन्हा भरून घ्या. पावडरचे कण व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकतात आणि उरलेला दाब हळूहळू गळून जातो.

राहिला तो शंकू. वर्णनावरून तो सोडा-ॲसिड प्रकारचा दिसतो. आत खाण्याच्या सोड्याचं पाणी, वर सल्फ्युरिक आम्लाची काचेची कुपी. खुंटी आपटली की कुपी फुटते, दोन्ही मिसळून सीओटू तयार होतो आणि त्याच्या दाबाने पाणी बाहेर येतं. या नळकांड्यावर एरवी दाब नसतो. तो पहिल्यांदा येतो वापराच्या क्षणी, आणि वर्षानुवर्षं आतून गंजलेला पत्रा तेव्हा तुमच्या हातात फुटू शकतो. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, आणि त्याचं क्षारयुक्त पाणी विजेचा धक्काही देतं. तो भिंतीवर राहिला तर घाईत कोणीतरी तोच उचलेल. खुंटीला धक्का न लावता, उभाच ठेवून, अग्निशामकांची दुरुस्ती-भरणी करणाऱ्याकडे द्या. स्वतः उघडू नका. आतलं आम्ल अजून तसंच असू शकतं.